नोंद ७ पैकी ५

पहाटे पाच

नवरात्रात अमरावतीत पाचला उठणारा माणूस आळशीच म्हणायचा. आमच्या घराखालून बाया चारपासूनच अनवाणी चाललेल्या असतात, गांधी चौकाकडे, आधी अंबादेवी आणि मग एकवीरा. माझ्या आईनं हे वर्षानुवर्षं केलं. मी गच्चीवरूनच हात जोडते, कारण मला बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरायची असते आणि देवी समजून घेते, गाडी घेत नाही.

गच्चीवर मी फक्त हात जोडायला जात नाही. तिथं तेलाचा एक जुना डबा ठेवलाय, वरचं झाकण कापून काढलेला. उभ्या भिंतीचा कुठलाही डबा पर्जन्यमापक होतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. त्यात जेवढं उंच पाणी साचतं, तेवढे मिलीमीटर पाऊस. बादली चालत नाही. ती वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणून पावसाला फुगवून सांगते. आज शाळेची पट्टी बुडवली तर पाणी ४१ मिलीमीटरवर लागलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आहे आणि सोयाबीन सोंगणीला आलंय. काहींचं सोंगून वावरातच गंजी लावून पडलंय. हा पाऊस कुणाच्या कामाचा नाही.

साडेसहा

ऑटो, राजापेठ, बडनेरा. फलाटावर नेहमीची अपडाऊनवाली मंडळी: दोन बँकेचे, एक शिक्षिका, कृषी विद्यापीठातले एक काका. जागा मिळाली.

साडेआठ

मूर्तिजापूर मागे पडताना मी हमखास घड्याळ बघते. पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. आज सकाळी साडेआठला वाचलेला आकडा म्हणजे काल साडेआठपासून आतापर्यंत पडलेलं पाणी. देशभर हीच रीत आहे.

माझं काम या आकड्यांचं. अकोल्यातल्या एका छोट्या संस्थेत मी डेटाबेस सांभाळते. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या शेतकरी गटांना आम्ही पावसाळाभर रोज एक कागद पाठवतो. मागच्या सात दिवसांत कुठल्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली, त्याची यादी. मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत हीच पायरी ६४.५ ला आहे. अर्ध्या मिलीमीटरचा हा फरक वाचताना हसू येतं, पण ६५.० वर अडकलेलं मंडळ मी पाहिलेलं आहे. 'पेक्षा जास्त' आणि 'किंवा जास्त' यांतल्या एका बरोबरच्या चिन्हावर ते आत-बाहेर होतं.

गाडीत बसून नेहमी येणारा विचार असा. समजा सकाळी सहाला पाऊस सुरू झाला आणि अकराला थांबला. साडेआठपर्यंत ४० मिलीमीटर आणि नंतर ३५. एकाच पावसात ७५ पडला, वावर वाहून गेलं, पण कागदावर दोन दिवस झाले, आणि दोन्ही दिवस ६५ च्या आत. ढीग कुठे तोडायचा हे ठरलं की अर्धा निकाल तिथंच लागतो. आमच्याकडे केंद्रांवरून दर तासाला आकडा येतो. नवीन माणूस सरळ तारखेनुसार गट पाडतो, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, आणि त्याची बेरीज सरकारी आकड्याशी कधीच जुळत नाही. वेळेतून साडेआठ तास वजा करायचे, मग तारीख काढायची आणि अहवालात ती दुसऱ्या दिवसाची लावायची. एवढ्या एका ओळीसाठी मी पहिल्या वर्षी दोन आठवडे घालवले होते.

साडेनऊ

ऑफिस. उपासाला चहा चालतो, असं आमच्या घरात आजीनंच ठरवून ठेवलंय.

आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली आहे. दर्यापूरची. अमरावती विद्यापीठातून एमसीए, हुशार, आणि हात फार वेगानं चालतो, हाच काय तो दोष. मी टेकते न टेकते तोच स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"ताई, हे काऊन ऐकून नाही रायलं? सोपं तं आहे."

काम खरंच सोपं दिलं होतं. दिवसवार पावसाच्या तक्त्यातून सप्टेंबरात आतापर्यंत एकूण २०० मिलीमीटरच्या वर पाऊस झालेली मंडळं काढ. तिनं एसक्यूएल क्वेरीच्या व्हेअरमध्ये लिहिलं होतं की पावसाची बेरीज २०० पेक्षा जास्त. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसनं तोंडावर सांगितलं, व्हेअरमध्ये बेरीज-सरासरी चालत नाही. मायएसक्यूएल असता तर तोही नाहीच म्हणाला असता, फक्त त्याची भाषा आणखी कोड्यातली.

मी कागदाच्या पाठीवर क्रम लिहून दिला. आपण सिलेक्ट सगळ्यात आधी लिहितो, पण डेटाबेस तो जवळपास शेवटी वाचतो. आधी फ्रॉम, म्हणजे माल कुठून आणायचा. मग व्हेअर, एकेक ओळ हातात घेऊन ठेवायची की टाकायची. मग ग्रुप बाय, उरलेल्या ओळींचे ढीग. मग हॅविंग, एकेक ढीग बघून ठेवायचा की टाकायचा. त्यानंतर सिलेक्ट आणि ऑर्डर बाय. व्हेअर चालू असतो तेव्हा ढीग झालेलेच नसतात. मग त्यांची बेरीज येणार कुठून?

"मंग मी असं करते," ती म्हणाली, आणि मला थांबवायला वेळच मिळाला नाही. तिनं व्हेअरमध्ये 'पाऊस ६५ पेक्षा जास्त' घातलं, खाली मंडळानुसार गट आणि हॅविंगमध्ये 'बेरीज २०० पेक्षा जास्त'. या वेळी चूक दाखवणारी लाल ओळ आली नाही. उत्तर आलं. सहा मंडळं.

मला धास्ती असते ती अशाच वेळी. लाल ओळ आली की माणूस दुरुस्ती करतो. उत्तर आलं की छापतो.

साडेदहा

तिला मी आजीच्या वावराची गोष्ट सांगितली. ऑफिसात सगळ्यांनी ती ऐकलेली आहे, त्यामुळे बाकीच्यांनी कानात हेडफोन घातले.

आमची आजी अकोट तालुक्यातली. पऱ्हाटी फुटली की वेचाईला बाया यायच्या. कमरेला ओटी बांधून वेचायच्या, ओटी भरली की बांधावर गाठोड्यात रिकामी करायच्या, आणि गाठोडं भरलं की झाडाला टांगलेल्या ताणकाट्यावर आणायच्या. आजी निरक्षर. ती वजन वाचायची आणि माझा बाप, तेव्हा चौथीतला, वहीत लिहायचा. बाईचं नाव आणि गाठोड्याचं वजन, बस. एक गाठोडं, एक ओळ. दिवस बुडताना एकेका बाईच्या ओळींची बेरीज व्हायची आणि किलोच्या भावानं पैसे. दिवसभरात तीस किलोच्या वर वेचणाऱ्या बाईला वरून काही तरी मिळायचं, कधी गूळ, कधी पैसे.

एकदा मधल्या काकानं डोकं लावलं. बारीक बारीक गाठोडी आणतात, काट्यावर गर्दी होते, वही भरते. पाच किलोच्या खालचं गाठोडं लिहायचंच नाही. आजीनं त्याला एक म्हातारी दाखवली. तिला ओझं उचलवत नव्हतं, म्हणून ती चार-चार किलोचीच गाठोडी आणायची, पण नऊ वेळा आणायची. छत्तीस किलो. शेजारची तरणीताठी पोरगी आठ, सात आणि नऊ अशी तीनच आणायची. चोवीस. काकाच्या नियमानं ती पोरगी चोवीसची चोवीसच राहिली असती, आणि म्हातारी बक्षिसाच्या यादीतून गेली असती. गेली असती म्हणजे कमी वजनानं मागे पडली असती, असं नाही. तिचं नावच वहीत नसतं. शून्य किलो अशीसुद्धा ओळ नसती.

"तू आत्ता काकाचा नियम लावला," मी म्हटलं. "६५ च्या आतला पाऊस लिहिलाच नाहीस. रोज वीस-वीस मिलीमीटर पडून महिन्यात अडीचशे झालेली मंडळं म्हातारीसारखी गेली."

तिनं व्हेअरमधली अट काढली, तिथं फक्त महिना ठेवला. सहाची सतरा झाली. ती बराच वेळ त्या सतरा नावांकडे बघत होती. मीही काही बोलले नाही.

तसा काकाचा नियम प्रत्येक वेळी चुकीचा नसतो. गाठोड्यात दगड घालून वजन वाढवलेलं असेल तर ते बेरजेआधीच काढायला हवं, नंतर काढता येत नाही. यंत्रानं मध्येच ऋण पाऊस किंवा एका तासात ९९९ दाखवला, तर ती ओळ व्हेअरमध्येच मारायची. शिवाय ज्या ओळींची गरजच नाही त्या आधी काढल्या की डेटाबेसवरचा भार हलका होतो. सप्टेंबरचा हिशेब करताना जून-जुलैचे ढीग लावून मग हॅविंगमध्ये फेकून देणं म्हणजे बाजारात अख्खी गाडी उतरवून एक पोतं विकणं. प्रश्न ओळीविषयी आहे की ढिगाविषयी, एवढं आधी स्वतःला विचारायचं. मराठीत हे सोपं जातं. 'ज्या दिवशी' म्हटलं की व्हेअर, 'ज्या मंडळात एकूण' म्हटलं की हॅविंग.

ही एसक्यूएल भाषा ज्यांनी घडवली ते डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेतले. १९७४ मध्ये त्यांनी ती सिक्वेल या नावानं मांडली, आणि बॉइस त्याच वर्षी तरुणपणीच गेले. ढिगावरच्या अटीला या भाषेत वेगळा शब्द आहे, हे मला मोठं उपकाराचं काम वाटतं. दोन्हीकडे एकच शब्द असता तर आमच्या काकाचं आणखी फावलं असतं.

साडेबारा

सकाळचा कागद दहाला गेला होता. साडेबाराला फोन आला. एका गटाचे अध्यक्ष, साठीचे गृहस्थ, एरवी फार मोजकं बोलणारे.

"ताई, आमचं मंडळ यादीत काऊन नाही जी?"

मी यादी उघडली. खरंच नव्हतं. सात दिवसांतला त्या मंडळाचा सगळ्यात जास्त पाऊस ३८ मिलीमीटर होता.

"अडतीस? वावरात गुडघाभर पानी हाय. गंजी अर्धी वाहून गेली, अर्धीले कोंब फुटून रायले. बाजूच्या मंडळाचं नाव हाय, आमचं नाही. मधात एक नाला, बस."

मी म्हटलं, दादा, मी बघून सांगते.

"पाहा. कागदावर नाव नाही तं मंग आमाले कोन पायते?"

आमच्या कागदानं कुणाला मदत मिळत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पंचनामा तलाठ्यानं करायचा. त्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण बांधावर तो तलाठीच आहे. मात्र गटातली माणसं आमचाच कागद घेऊन तहसिलीत जातात. तेव्हा तो बरोबर असायला हवा.

दीड

डबे उघडले. बाकीच्यांची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. माझी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ठेच्याच्या वासानं उपास जेवढा मोडतो तेवढा मोडला.

दोन

त्या मंडळाच्या सात दिवसांच्या सातही ओळी उघड्या करून पाहिल्या. १२, ०, ३८, ५, २१, आणि मग दोन रकाने कोरे. परवाची रात्र आणि कालची रात्र. केंद्रानं ओळ पाठवली होती, पण पावसाच्या जागी काहीच नव्हतं. बॅटरी गेली असेल, नेटवर्क गेलं असेल. ज्या दोन रात्री सगळ्यात जास्त कोसळला, नेमक्या त्याच.

कोऱ्या रकान्याला डेटाबेस नल म्हणतो आणि नलचा स्वभाव आमच्या गावच्या एका पाटलासारखा आहे. विचारलं तर हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. सगळ्यात मोठा आकडा काढताना त्याला बाजूला ठेवलं जातं, बेरजेत बाजूला, सरासरीतही बाजूला. सातांतले पाच आकडे धरून डेटाबेस ३८ सांगतो आणि दोन रात्री माहीत नाहीत असं अवाक्षर काढत नाही. माझी अट होती, सात दिवसांतला कमाल पाऊस ६५ पेक्षा जास्त. ३८ बसला नाही. मंडळ गळलं.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "कोऱ्या जागी शून्य भरून टाका ना ताई, एका फंक्शनचं काम आहे." फंक्शन मलाही माहीत आहे. पण शून्य म्हणजे पाऊस पडला नाही असं आपण छातीठोक सांगणं. कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही. आणि ज्याच्या वावरात गुडघाभर पाणी आहे त्याला शून्य लिहून पाठवायचं म्हणजे जखमेवर मीठ. साहेब म्हणाले, मग आजूबाजूच्या मंडळांची सरासरी भरू. त्यालाही मी नाही म्हटलं. तो पाऊस तिथं मोजलेला नाही, तो आपण बनवलेला होईल.

उपाय मोजणीत होता. मोजायचे दोन प्रकार आहेत. काउंट-तारा ओळी मोजतो, कोऱ्या असोत की भरलेल्या. काउंटमध्ये पावसाच्या रकान्याचं नाव दिलं की फक्त भरलेले रकाने मोजतो. त्या मंडळाचे पहिले सात आले आणि दुसरे पाच. हे दोन आकडे जूनपासून माझ्या हाताशी होते. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

मग पुढची शंका आली. या केंद्रानं निदान कोरी ओळ तरी पाठवली. ज्यानं ओळच पाठवली नाही त्याचं काय? ओळ नाही तर ढीग नाही, ढीग नाही तर हॅविंगसमोर उभं राहायलाच कुणी नाही. म्हणून मंडळांच्या पक्क्या यादीपासून सुरुवात करायची आणि पावसाच्या ओळी तिला लेफ्ट जॉइननं जोडायच्या, म्हणजे पाऊस असो नसो, मंडळाचं नाव राहतं. हे मी पूर्वी केलेलंही होतं. तरी आज मोजली तर नावं कमीच येत होती.

चूक सापडायला पाऊण तास लागला आणि ती माझीच होती. 'मागचे सात दिवस' ही अट मी व्हेअरमध्ये ठेवली होती. ज्या मंडळाची ओळच नाही, त्याची तारीखही कोरी. कोरी तारीख सात दिवसांत बसते का? डेटाबेस हो म्हणत नाही, आणि व्हेअर तर हो म्हणेल त्यालाच आत घेतो. म्हणजे लेफ्ट जॉइननं आत आणलेली मंडळं दुसऱ्याच ओळीत मी बाहेर काढत होते. अट उचलून जॉइनच्या ऑनमध्ये ठेवली आणि सगळी नावं आली. आणखी एक गंमत त्यात दिसली. ज्या मंडळाची एकही ओळ नाही त्याच्यापुढे काउंट-तारा एक दाखवतो, कारण जॉइननं त्याच्यासाठी एक रिकामी ओळ उभी केलेली असते. रकान्याचं नाव देऊन मोजलं तरच शून्य येतं. तारा दिसायला सोपा, पण या जागी खोटं बोलतो.

शेवटी हॅविंग असं झालं: कमाल पाऊस ६५ पेक्षा जास्त, किंवा भरलेल्या नोंदी सातपेक्षा कमी. आणि कागदावर एक नवीन रकाना, 'नोंदी'. त्या दर्यापूरच्या पोरीनं टाइप केलं, मी मागून बघत होते. यादीत पाच मंडळं वाढली. पाचही जणांपुढे पावसाचा मोठा आकडा नव्हता; दोघांपुढे '७ पैकी ५' होतं, तिघांपुढे '७ पैकी ०'.

जूनपासून शंभराच्या वर कागद गेले असतील आमचे. त्यांत किती वेळा कोण गळलं, ते आता मागे जाऊन काढते आहे.

साडेचार

साहेबांना विमा हवा असतो, म्हणजे विम्याचा तक्ता. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनचे पीककापणी प्रयोग होतात, त्यामुळे गटांचे फोन सुरू झालेत. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा पीकविमा गेला आणि भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली. आता सगळा खेळ सरासरी आणि उंबरठा यांचा.

उंबरठा उत्पादनाची रीत बघण्यासारखी आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं, समजा ७० टक्के. एका काल्पनिक मंडळाचं सोयाबीन हेक्टरी क्विंटलमध्ये धरू: १४, ९, १२, १५, ६, ११, १३. चांगली पाच म्हणजे १५, १४, १३, १२, ११. सरासरी १३, सत्तर टक्के ९.१. यंदा मंडळात ८.५ निघालं तर ०.६ ची तूट, म्हणजे उंबरठ्याच्या साडेसहा टक्क्यांहून किंचित जास्त. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर सुमारे ३,३०० रुपये. आता हेच सातही वर्षं धरून करा. सरासरी ११.४३, सत्तर टक्के ८. यंदाचं ८.५ उंबरठ्याच्या वर. भरपाई काहीच नाही. ६ आणि ९ ही दोन वाईट वर्षं सरासरीच्या आधी काढली की नाही, एवढ्यावर हे ३,३०० रुपये टांगलेले आहेत.

आमच्या पोरीनं लगेच विचारलं, मग ही अट व्हेअरमध्ये की हॅविंगमध्ये? सकाळपासूनच्या शिकवणीचं चीज झालं. उत्तर असं की सरळ कुठेच नाही. 'चांगली पाच' ठरवायला आधी मंडळातल्या वर्षांना उतरत्या क्रमानं नंबर द्यावे लागतात, आणि तो नंबर व्हेअर-हॅविंग होऊन गेल्यावर तयार होतो. म्हणून आत एक क्वेरी, ती फक्त नंबर देते. बाहेर दुसरी, ती पाचपर्यंतचे नंबर ठेवून सरासरी काढते. तिनं ते चार वाजून पन्नास मिनिटांनी करून दाखवलं. मला हे तिच्या वयात येत नव्हतं.

हे सगळं बिनचूक लिहिलं तरी एक गोष्ट क्वेरीला दुरुस्त करता येत नाही. अट ढिगाला लागते. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर गेली की नाल्याकाठचं ज्याचं सगळं सोयाबीन वाहून गेलं, तोही त्या ढिगात वर गेला. गावाच्या पैसेवारीचंही, म्हणजे सरकारी पीक-अंदाजाचंही, तेच. येत्या ३० तारखेला नजरअंदाज पैसेवारी लागेल, पुढे सुधारित, वर्षाअखेर अंतिम. गाव ५० पैशांच्या आत की बाहेर. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. गाव बाहेर गेलं की गावातला प्रत्येक जण बाहेर. ढीग जेवढा मोठा, तेवढा त्यातला एकटा माणूस दिसेनासा. मंडळाऐवजी गाव हाच ढीग धरा, अशी मागणी शेतकरी करतात ती यासाठीच. मला ती बरोबर वाटते, मग त्यासाठी कापणी प्रयोग कितीही वाढोत.

साडेसहा

परतीची गाडी. मूर्तिजापूरला अंधार पडला. तिथून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे बंद आहे. खिडकीबाहेर ओलं रान, आणि मधूनच कुजणाऱ्या सोयाबीनचा वास. गाडी पुढे गेली तरी तो बराच वेळ डब्यात राहतो.

अध्यक्षांना फोन केला. सांगितलं, उद्याच्या कागदावर तुमचं मंडळ असेल, पण पावसाचा आकडा नसेल. 'नोंद ७ पैकी ५' असेल. ते गप्प झाले. मग म्हणाले, "चालते. निदान माहीत नाही, हे तरी लिवलं." आणि मग विचारलं, तुमच्याकडं किती झाला? मी माझ्या डब्याचं सांगितलं. ४१. डबा कसा ठेवायचा, हे त्यांनी नीट विचारून घेतलं.

रात्री साडेनऊ

जेवण नाही, फराळ. उद्याचा कागद घरूनच एकदा चालवून पाहिला. त्या केंद्राचा आजचाही रकाना कोरा आहे. सकाळी साडेआठनंतर ते मंडळ ७ पैकी ४ होईल.

वाचणाऱ्यांत वऱ्हाडातलं कुणी असेल तर एवढं करा. तुमच्या मंडळाचं पावसाचं यंत्र कुठं उभं आहे ते शोधून एकदा बघून या. चालू आहे का, त्याच्यावर झाड तर झुकलेलं नाही ना. आणि घरी उघड्यावर, भिंती-झाडांपासून दूर, उभ्या भिंतीचा एक डबा ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, आकडा आणि तारीख वहीत लिहा, डबा रिकामा करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका.